फाळक्याचं बाकडं

गावाचा इतिहास लिहायचा म्हटला की माणसं देवळापासून सुरुवात करतात. मग वेस येते, वाडा येतो, पाटीलकीची सनद येते. पण माणसं कशावर बसत होती, हे कुणी लिहीत नाही. मला वाटतं, ते लिहायला पाहिजे. कोण कुठं बसतो, कशावर बसतो आणि कोण आल्यावर कोण उठतो, यावरच आमच्या गावाचं निम्मं राजकारण आणि सगळी जातपात चालायची.

कृष्णाकाठी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आमचं गाव. १९६५ च्या सुमाराचं सांगतो, मी तेव्हा सहा वर्षांचा असेन. घरात बसायला घोंगडं, पाव्हणा आला तर त्यावर धुतलेली वाकळ. जेवताना पाट, तोही बापयांना. बायका भुईवर. निजायला सुंभानं विणलेली एक बाज, ती घरातल्या म्हाताऱ्याची. शाळेत गुरुजींना खुर्ची, पोरांना तरटाची पट्टी. वाड्यात झोपाळा आणि लोड-तक्के, पण तिथं आमचं काम ओट्याच्या पायरीपर्यंतच. चावडीत एक खुर्ची होती, ती तलाठ्याची. तलाठी आठवड्यातनं एकदा यायचा. बाकीचे सहा दिवस ती खुर्ची रिकामी असायची, तरी कोतवाल तिच्याशेजारी भुईवरच बसायचा.

गावात सुतार होता, लाकूड होतं. पण सुताराच्या बलुत्यात औतं, बैलगाडी आणि दारं-चौकटी यायच्या. खुर्ची त्यात येत नव्हती. सुताराला खुर्ची करायला सांगणं म्हणजे 'मी आता खुर्चीवर बसणार' असं गावाला सांगणं. तेवढी छाती कुणाची?

मग अशा गावात बाकडं, स्टूल, टेबल, आरामखुर्ची हे सामान आलं कुठनं? तुम्हाला वाटेल, शहरातनं ट्रकात घालून आणलं असेल. आमच्याकडं ते ट्रकातनं आलं नाही, ट्रकचंच झालं. म्हणून आधी ट्रकचं सांगतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या कामातनं निघालेल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या आणि खाजगी माल वाहायला लागल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. फार्गो आणि डॉज ही नावं जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी असायची, ती तिथली. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी मद्रासकडं अशोक लेलँड झाली. टाटांच्या गाडीच्या तोंडावर जर्मन कंपनीची चांदणी असायची. आमच्याकडचे ड्रायव्हर तिला 'मर्शिडी' म्हणायचे. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचं 'टी' अक्षर आलं. गाडी तीच राहिली. ड्रायव्हर पुढंही बरीच वर्षं 'मर्शिडी'च म्हणत राहिले.

त्याच काळात आमच्या मुलखात ट्रकला कामं निघाली. कोयनेच्या धरणाचं काम सुरू झालं, सिमेंट आणि लोखंड कराडवरनं जायला लागलं. १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचं बघून आमच्या बाजूलाही कारखाने निघाले. ऊस आला, साखर आली, खताची पोती आली. १९७२ च्या दुष्काळात तर ट्रक म्हणजे देवच झाला होता. मिलो ट्रकनं यायची, तेव्हा चूल पेटायची. आम्ही पोरं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसायचो आणि धुरळा उडाला की उभं राहून बघायचो, कुठली गाडी आली.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, शाळा सोडून तालुक्याच्या एका मालकाच्या ट्रकवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. नाकवाली टाटा गाडी होती ती. १९७५ साली नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी झाली, त्या बॅचचा मी. माझा निकाल लागला त्याच पावसाळ्यात दादाच्या गाडीचं इंजिन बसलं. मालकानं ती फाट्यावर बाभळीखाली आणून उभी केली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. वर्षभर ती तिथंच उभी राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. मग मालकानं भंगारवाल्याला विकली. भंगारवाल्यानं इंजिन, गिअरबॉक्स आणि तांब्या-पितळेचं सामान काढून नेलं. उरलेला सांगाडा तो जागेवरच विकायला लागला. आणि तिथनं पुढं मी जे बघितलं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मेलेल्या गाडीचा कुठला तुकडा कुठं जाणार, हे लोकांना जणू आधीच ठाऊक होतं. टायर चांभारवाड्यात गेले, त्यांच्या तळाच्या चपला झाल्या. झिजून नख्या गेलेला टायरसुद्धा चपलेत तीन वर्षं जातो. ट्यूब विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांकडं. मागचा आस आणि चाकं बैलगाडीला. लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली गाडी डांबरी रस्ता कापत जायची आणि बैलांची खांदं सुजवायची. रबरी टायरची गाडी तोच बैल दुप्पट ओझं घालून ओढायचा. उसाच्या पट्ट्यात म्हणून टायरगाडी झपाट्यानं पसरली. चासीचं लांब चॅनेल ओढ्यावर आडवं पडलं, त्यावर फळ्या टाकून पलीकडच्या मळ्यात जायची वाट झाली. ती अजून आहे.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते पाट्यांवरनं. ट्रकच्या कमानीत पाटे एकावर एक रचलेले असतात. वरचा सगळ्यात लांब, खाली आखूड आखूड होत जातात. वरच्या पाट्याला दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे असतात आणि सगळ्या पाट्यांना मधोमध एक भोक, त्यातनं एकच बोल्ट जातो. हे पोलाद साध्या लोखंडासारखं नाही. त्यात कार्बन जास्त असतो आणि सिलिकॉन घातलेलं असतं. म्हणून ते वाकतं आणि पुन्हा जागेवर येतं. साध्या लोखंडाचा कोयता अर्धा एकर ऊस तोडला की बोथट. पाट्याचा कोयता धार धरून ठेवतो.

गाढवांवर संसार घालून घिसाडी दरवर्षी सुगीच्या आधी आमच्या गावाबाहेर उतरायचे. गडी भाता चालवून पाटा लाल करायचा, सांडशीत धरायचा आणि त्याची बायको उभी राहून घण घालायची. कडेवरचं पोर खाली ठेवून ती बाई घण घालायची आणि तिचा एक घाव चुकत नसे. मग पाणी द्यायचं. तापलेला कोयता बुडवला की तो इतका कडक होतो की दगडावर आपटला तर काचेसारखा तुटेल. म्हणून घासून, पुन्हा थोडा शेकून, पोलादावर आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा असा रंग चढताना बघत बसायचं आणि नेमक्या रंगाला थांबायचं. तो रंग कुठला, हे घिसाड्याला कळायचं. कुळवाची फास, विळे, कोयते, कुऱ्हाडी, सगळं त्या एका कमानीतनं निघालं. आज ऊसतोडीला येणाऱ्या मजुराच्या हातातला कोयतासुद्धा बहुतेक वेळा कुठल्या तरी ट्रकचा पाटाच असतो.

हे सगळं शेतीचं झालं. आता बैठकीकडं येतो.

केबिनमधली लांब शीट फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं घेतली. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मातीची भट्टी. तोवर गिऱ्हाइकं उकिडवी नाहीतर दगडांवर बसून च्या प्यायची. शीटमध्ये काथ्या भरलेला, वर रेक्झीन, खाली स्प्रिंगा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तिच्या शीटसुद्धा काथ्याच्याच होत्या. हॉटेलवाल्यानं शीट चार दगडांवर ठेवली. पंचक्रोशीत गादीची बैठक दोनच ठिकाणी. एक वाड्यात आणि दुसरी हितं. वाड्यातल्या गादीवर बसायला मान लागायचा, हितं पंधरा-वीस पैशांचा च्या.

पण तेवढ्यानं सगळ्यांना बसता येत नव्हतं. त्या हॉटेलात खालच्या आळीतल्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या लोकांची कपबशी वेगळी होती. बाहेर वळचणीला ठेवलेली. आपली आपण घ्यायची, प्यायची, धुवायची आणि परत ठेवायची. दादाचा क्लीनर त्या आळीतला. गाडी बंद पडल्यावर तो दुसऱ्या ट्रकवर चढला होता. एकदा ती गाडी फाट्यावर थांबली, तो उतरला आणि सरळ त्या शीटवर जाऊन बसला. बसलेले दोघं उठले. हॉटेलवाला काही बोलला नाही, पण च्या गाळायचा थांबला. तिथं दादा होता. तो म्हणाला, "तीन वरसं त्यो ह्याच शीटवर निजलाय आन् म्या त्याच्या पायथ्याला. तवा काय बाटलं न्हाय, आन् आता काय बाटतंय? ही शीट तुमच्या आधी त्याची हाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उठलेले दोघं निघून गेले. वेगळी कपबशी पुढंही पाच-सहा वर्षं वळचणीला राहिली. महाराष्ट्रात 'एक गाव, एक पाणवठा' ही बाबा आढावांची चळवळ त्याच दशकात सुरू झाली होती, पण चळवळ आमच्या फाट्यावर पोचायला वेळ लागला. तरी त्या दिवसापासून क्लीनरला शीटवरनं कुणी उठवलं नाही. वाड्यातल्या गादीला मालक होता, भुईला रीत होती. ह्या शीटला रीतच नव्हती, कारण ती आधी कुणी बघितलीच नव्हती. नवी वस्तू गावात आली की तिच्यावर कोण बसायचं, हे ठरायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात जो बसला तो बसला. माझ्या मते आमच्या गावच्या इतिहासात ही नोंद सनदेपेक्षा मोठी आहे.

गाडीचा मागचा फाळका ग्रामपंचायतीनं घेतला. अस्सल लाकडाच्या जाड फळ्या, त्यांना लोखंडी पट्ट्या, बाजूला साखळ्या. लांबी सात फूट. सुतारानं त्याला खालनं चासीच्या चॅनेलचे दोन तुकडे बोल्टनं जोडले, तुकडे जमिनीत दीड फूट पुरले आणि एसटीच्या थांब्यावर बाकडं उभं राहिलं. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरं बसायच्या बाजूला आली. बसून बसून ती पुसली गेली. बायका मात्र त्यावर बसायच्या नाहीत. बाकडं रिकामं असलं तरी बोचकं बाकड्यावर आणि बाई उभी. माझी आई गुडघेदुखीनं हैराण झालेली, तरी थांब्यावर ती बाकड्याच्या पायाला टेकून खाली बसायची. पंधराएक वर्षांनी पोरी तालुक्याच्या हायस्कुलात जायला लागल्या. त्या पोरी दप्तरासकट बाकड्यावर बसल्या. त्यांचं बघून एक दिवस त्यांच्या आया बसल्या.

यात मोठा वाटा वेल्डिंगवाल्या मिस्त्रीचा. गावात वीज आल्यावर फाट्यावर त्यानं दुकान टाकलं. त्याचं मशीन सुरू झालं की अख्ख्या गावचे दिवे डुलायचे, घराघरातनं शिव्या यायच्या. मिस्त्री साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला. त्याच्या हातनं ब्रेक ड्रमची स्टुलं झाली. ड्रम बिडाचा, मणभर वजनाचा, एकदा ठेवला की हलत नाही, म्हणून चोरीलाही जात नाही. चाकाची डिस्क आडवी ठेवून, तिच्यावर शहाबादी फरशी टाकून टेबल झालं. ट्रकच्या टायरवर ९००-२० असा आकडा असतो, त्यातला वीस म्हणजे डिस्कचा व्यास वीस इंच. चार माणसांचं पान-सुपारीचं तबक आणि च्याचे कप मावायला तेवढं पुरतं.

आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, दम्यानं आडवं पडता येईना, तेव्हा मिस्त्रीनं त्यांच्यासाठी पाट्यांची डुलती खुर्ची केली. मी शेजारी उभा राहून बघितली, म्हणून कृती सांगतो. पाट्याला मुळातच बाक असतो. चार-साडेचार फुटी दोन मोठे पाटे पोटाकडनं जमिनीला लावले की ते आपसूक डुलतात. हे झाले खुर्चीचे पाय. दुसरे दोन पाटे पाठीला. बसायला जुन्या शीटची चौकट, त्यावर सुंभ विणलेलं. सगळी जोडणी बोल्टची. मी विचारलं, "वेल्डिंग का मारत न्हाय?" मिस्त्री म्हणाला, "पाट्याला टाका मारलास तर टाका राहील आन् पाटा तुटंल." खरंच आहे ते. ह्या पोलादाला एका जागी एकदम तापवून तसंच गार होऊ दिलं की टाक्याच्या कडेनं ते कडक आणि ठिसूळ होतं आणि झटका बसला की तडकतं. म्हणून कारखान्यानं दिलेली भोकं वापरायची. मधलं भोक आणि टोकाचे डोळे. आबा त्या खुर्चीवर बसूनच अकरा वर्षं झोपले. आमच्या घरातली ती पहिली खुर्ची.

आता उजेडाचं. कोयनेची वीज साठच्या दशकातच मुंबईकडं गेली, पण आमच्या वाड्यावस्त्यांवर तोवर चिमणी आणि कंदीलच होते. लग्नाला गॅसबत्ती भाड्यानं यायची. दादानं गाडीचा एक हेडलाइट काढून घरी आणला, बारा व्होल्टची जुनी बॅटरी आणली आणि गोठ्याच्या आढ्याला दिवा टांगला. पहिल्या रात्री सगळ्या वस्तीवरची माणसं बघायला आली. उजेड असा पडला की समोरच्या शेतातली कणसं मोजावीत, पण गोठ्यात बैलाचं शिंग दिसेना. हेडलाइटची वाटी उजेड एका रेषेत लांब फेकण्यासाठी घडवलेली असते, खोली उजळण्यासाठी नाही. आईनं त्यावर उपाय काढला. ती म्हणाली, "त्याचं त्वांड भिताडाकडं कर की." चुन्यानं सारवलेल्या भिंतीवर झोत टाकला आणि भिंतीवरनं परतलेला मऊ उजेड सगळ्या गोठ्यात पसरला. आज शहरातल्या घरात भिंतीवर उजेड पाडणारे दिवे बघतो, तेव्हा मला आई आठवते.

दुसरी अडचण बॅटरीची. हेडलाइटचा बल्ब पंचावन्न-साठ वॅटचा, बारा व्होल्टवर तो पाच अँपिअर ओढतो. जुनी बॅटरी दोन रात्रींत बसायची. म्हणून त्याच वाटीत पार्किंगचा पाच वॅटचा बल्ब लावला. तो अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी खातो, आठवडाभर काळजी नाही. मोठ्या गाड्यांत दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्या गाडीचा बल्ब बाराच्या बॅटरीवर लावला तर नुसता निखाऱ्यासारखा लालसर दिसतो. हे माहीत नसलं की माणूस बॅटरीला दोष देत बसतो. आणि कुणी असा दिवा करणार असेल तर बॅटरीच्या तोंडालाच फ्यूज लावा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर तार लाल होते. गोठ्यात कडबा असतो.

ह्याच दिव्याचं पुढं आरामखुर्चीला लग्न लागलं. मिस्त्रीनं खुर्चीच्या पाठीवर नळी उभी केली आणि तिच्यावर लहान वाटीचा दिवा बसवला. आबांना रात्री पोथी वाचता यायला लागली. २००५ नंतर भारनियमनाची वर्षं आली. खेड्यात बारा-बारा तास वीज नसायची. माझी मुलगी तेव्हा दहावीला. आबा गेले होते. त्यांच्या खुर्चीत बसून, त्याच दिव्याखाली तिनं परीक्षा दिली. तिला गणितात किती पडले ते सांगत नाही, पण माझ्यापेक्षा दुप्पट.

आता पुतण्याचं सांगतो. दादाचा हा मुलगा आयटीआयला वेल्डरचा ट्रेड शिकला आणि त्यानं हायवेला शेड टाकलं. पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी झाल्यावर दोन्ही बाजूंनी मोठमोठी हॉटेलं निघाली. त्यांना ट्रकचं फर्निचर पाहिजे असतं. जुन्या नाकवाल्या टाटाचा पुढचा शो कापून त्याचं गल्ल्याचं काउंटर करायचं, हेडलाइट लागले पाहिजेत, इंडिकेटर मिचकावले पाहिजेत. फाळक्याचं सोफ्यासारखं बाकडं करायचं आणि खालनं एलईडीची पट्टी लावायची. क्रँकशाफ्ट उभा करून त्याचा दिवा करायचा. कामात पैसा चांगला आहे. एक गोष्ट मात्र दादाला अजून कळलेली नाही. गिऱ्हाईक म्हणतं, गंज ठेवा. दादाचा जन्म गंज घासण्यात गेला. आता त्याचा मुलगा गंजावर हळुवार ब्रश फिरवून वरनं पारदर्शक पॉलिश मारतो, गंज पळून जाऊ नये म्हणून! दादा शेडमध्ये बसून ते बघतो आणि म्हणतो, "रंग द्यायला पैसं न्हाईत व्हय रं ह्या लोकांकडं?"

मी पुतण्याला नावं ठेवत नाही. त्याच्या शेडमध्ये सहा पोरं कामाला आहेत. मला काळजी आहे ती वेगळी. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणलं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. नोंदणीकृत केंद्रात गाडी न्यायची, तेल, बॅटरी, गॅस रीतसर काढायचा, सांगाडा दाबून भट्टीत पाठवायचा. हे वाईट आहे असं कुणी म्हणू नये. जुन्या इंजिनाचा काळा धूर आम्ही हायवेच्या कडेचे लोक रोज खातो. आणि भंगारवाल्यानं ओतलेलं इंजिनचं तेल आमच्याच ओढ्यात गेलं, त्या जागी अजून गवत येत नाही.

पण भट्टी फरक करत नाही. आपल्या जालन्यात भंगार वितळवून घरबांधणीची सळई करणारे मोठे कारखाने आहेत. मडगार्डचा पत्रा आणि कमानीचा पाटा एकत्र वितळले की पाट्याचं पोलाद पाट्याचं राहत नाही. ज्या सिलिकॉननं, ज्या कार्बननं त्याला तो ताव दिला होता, तो सगळ्या कढईत पातळ होऊन जातो. घिसाडी, सुतार आणि मिस्त्री तो फरक हातानं ओळखत होते. पाटा ऐरणीवर आपटून आवाजावरनं सांगत होते, हा कोयत्याचा, हा फाशीचा, हा नुसत्या टेकूचा. वस्तूचा एक जन्म संपला तरी तिच्या अंगातला गुण संपत नाही आणि तो गुण बघून तिला पुढचा जन्म द्यायचा, हे त्यांचं शिक्षण. ते पुस्तकात नव्हतं. आमच्याकडं उतरणारे घिसाडी आता येत नाहीत. त्यांची पोरं शहरात गेली, काही तयार कोयते विकत घेऊन बाजारात विकतात. मिस्त्री दहा वर्षांमागं वारला.

म्हणून दोन वर्षांमागं ग्रामपंचायतीनं अभ्यासिका काढायचं ठरवलं, तेव्हा मी हट्ट धरला, सामान पुतण्याकडनंच करून घ्यायचं आणि गंज काढून घ्यायचा. तयार प्लास्टिकच्या खुर्च्या स्वस्त पडत होत्या, त्यावरनं सभेत वाद झाला. शेवटी सहा फाळके आले. त्यांची सहा बाकडी झाली, पाठीला पाटे, जोडणी बोल्टची. प्रत्येक बाकड्यावर ट्रकच्या बाजूच्या दिव्याची लहान वाटी, तिच्यात चार वॅटचा एलईडी, तोंड खाली नाही तर पांढऱ्या भिंतीकडं. छपरावर सोलर पॅनेल, बारा व्होल्टची एक बॅटरी बाहेर हवेशीर पेटीत, तिच्या तोंडाला फ्यूज. शेडमधल्या सहाही पोरांना मी पाट्याला वेल्डिंग का मारायचं नाही हे विचारलं. दोघांना सांगता आलं. आता सहाही जणांना येतं.

संध्याकाळी सात ते अकरा तिथं पोरं-पोरी बसतात. पोलीस भरती, तलाठी भरती, कुणी नर्सिंगचं. वरच्या आळीतली असतात, खालच्या आळीतली असतात, ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबाचा मुलगाही यंदा सीझनभर येऊन बसला. जो आधी येतो तो भिंतीजवळची जागा धरतो, कारण तिथं उजेड बरा पडतो. एवढाच तिथला मानपान.

दर खंडेनवमीला शेडमधल्या हत्यारांची पूजा झाली की पुतण्या पाना घेऊन अभ्यासिकेत जातो आणि सगळ्या बाकड्यांचे बोल्ट आवळून येतो.